ॲल्युमिनियमच्या होडीवरची साय

गेल्या जानेवारीपासून आमच्या परड्यात चार जुन्या टायरांवर एक होडी पालथी पडली होती. 12 फूट लांब, पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, काठापासून तळापर्यंत रिवेटांच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या ठोकखिळ्यांच्या, रांगा. मामांनी ती भंगारवाल्याकडून किलोच्या भावानं उचलली, सोबत एक जुनं दोन-स्ट्रोक इंजिनही. मामा कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीचे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली, की त्यांच्या घरातलं धान्य माडीवर चढायला लागतं. 43 फूट म्हणजे धोका. 2019 च्या महापुरात पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. "पुढच्या खेपंला दारात आपली होडी पायजे," एवढंच ते म्हणाले.

आईनं होडीवर हात फिरवला. "जर्मनचं पातेलंच की रं हे!"

तिचं बरोबर होतं, आणि होडी दुरुस्त करायला लागणारं निम्मं रसायनशास्त्र तिच्या स्वयंपाकघरातच होतं. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात रात्रभर चिंचेचं सार ठेवलं तर त्याला बारीक टोचे पडतात. त्याच पातेल्यात धुण्याचा सोडा घालून पाणी उकळलं तर ते काळं पडतं. साध्या पाण्याला मात्र ते वर्षानुवर्षं दाद देत नाही. आंबटही सोसत नाही आणि खार, म्हणजे सोड्यासारखा अल्कली, तोही सोसत नाही, असा हा धातू आहे.

ॲल्युमिनियम मुळात फार उतावळा धातू. ऑक्सिजन दिसला की लगेच त्याच्याशी जोडला जातो. पण याच उतावळेपणातून त्याचं संरक्षण होतं. ताजा खरवडलेला पत्रा हवेला लागताक्षणी त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर धरतो. एका मिलिमीटरचे अडीच लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागाइतका पातळ. लोखंडाचा गंज फुगतो, पापुद्रे धरतो आणि गळून पडतो, म्हणून खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. ॲल्युमिनियमचा थर मात्र खालच्या धातूला घट्ट चिकटून बसतो आणि पुढच्या ऑक्सिजनला वाट देत नाही. मी त्याला साय म्हणतो. तापत्या दुधावरची साय काढली की पुन्हा धरते, तशी हीसुद्धा ओरखडा पडला की पुन्हा धरते. अट एवढीच, की तिथं हवा पोचली पाहिजे आणि पाणी फार आंबट किंवा फार अल्कलीचं नको. पीएच, म्हणजे आंबट-अल्कलीचं माप, साधारण 4 ते 8.5 च्या दरम्यान असेल तोवर साय टिकते.

होडीच्या दुरुस्तीतला प्रत्येक निर्णय मी या एका गोष्टीवर तपासला: यानं साय टिकेल की मोडेल?

आधी हेही सांगायला हवं, की ती वितळवायला का दिली नाही. आपल्याच जिल्ह्यात, राधानगरी आणि शाहूवाडीच्या पठारांवर, जांभ्याच्या जोडीनं बॉक्साइट सापडतं. लाखो वर्षांच्या उष्ण पावसानं खडकातली सिलिका धुऊन नेली आणि ॲल्युमिनियमची, लोहाची ऑक्साइडं मागं राहिली. दुर्गमानवाडची तांबूस खाण पाहिली, की या चंदेरी पत्र्याचं मूळ तसल्याच दगडात आहे यावर विश्वास बसत नाही. चार-पाच किलो बॉक्साइटपासून एक किलो ॲल्युमिनियम मिळतं. अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी 1886 साली, एकमेकांना न ओळखता, जी विजेची पद्धत शोधली, तीच आजही चालते. तिला किलोमागं 13 ते 15 युनिट वीज लागते. म्हणजे आमच्या साधारण 60 किलोच्या होडीत 800 ते 900 युनिट वीज साठलेली आहे. भंगार वितळवायला मूळ विजेच्या सुमारे 5 टक्केच ऊर्जा लागते, हे खरं. पण वाकवलेला, रिवेट मारलेला, पाण्यावर तोल सांभाळणारा आकार भट्टीत मोडतो, आणि तो पुन्हा घडवायला कारागीर लागतो.

सगळ्यात वाईट अवस्था मागच्या बाजूला होती. इंजिन जिच्यावर टांगतात, ती फळी प्लायवूडची असते आणि वरून पत्र्यानं झाकलेली. पत्रा सोडवला तर आतलं लाकूड ओल्या चहापावडरीसारखं हातात आलं. लाकडाला लागलेल्या पत्र्यावर पांढरी भुकटी आणि तिच्याखाली सुईच्या टोकाएवढे खड्डे. ही भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड. ओलं लाकूड पत्र्याला चिकटून बसलं, हवा कोंडली, साय पुन्हा धरायला ऑक्सिजनच मिळाला नाही. बाकांखालच्या फोमचंही तेच. तरंगायला मदत व्हावी म्हणून घातलेला फोम पाणी पिऊन जड झाला होता आणि पत्र्याला पोटिसासारखा ओला ठेवत होता. तो सगळा काढला. नवीन फोम बंद पेशींचा, म्हणजे पाणी न पिणारा, घेतला आणि पत्र्यापासून बोटभर वर बसवला, खालून पाणी वाहून जाईल असा.

नवीन फळीसाठी आयएस 710 या भारतीय मानकाचा मरीन प्लाय घेतला. त्याच्या नमुन्याला 72 तास उकळत्या पाण्याच्या परीक्षेतून जावं लागतं. दुकानदार वाळवी न लागणारं, औषध पाजलेलं हिरवट लाकूड सुचवत होता. घराच्या चौकटीला ते उत्तम, पण अशा औषधात बहुतेकदा तांबं असतं, आणि तांबं हे ॲल्युमिनियमचं सर्वांत मोठं वैरी. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल आली, की तिथं छोटी बॅटरी तयार होते. तिच्यात जो धातू जास्त उतावळा, तो झिजतो. ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या जोडीत नेहमी ॲल्युमिनियमच झिजतं. तळात पडून राहिलेलं तांब्याचं एक नाणंसुद्धा काही पावसाळ्यांत पत्र्याला भोक पाडू शकतं. म्हणून समुद्रातल्या बोटींना शेवाळ लागू नये म्हणून मारतात तो तांब्याचा रंग या होडीला चालत नाही. खुणा करायला शिसपेन्सिलही नको, कारण पेन्सिलीतलं ग्रॅफाइट तांब्यासारखंच वागतं. मी सगळीकडे मार्कर वापरला.

इथं कोल्हापूरकरांसाठी एक खास इशारा. आपल्या उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, काम जन्मापासून चालतं. कुठल्याही शेडमध्ये ग्राइंडर मागा, त्याची चकती आधी बिडावर फिरलेली असणार. तीच ॲल्युमिनियमवर फिरवली तर लोखंडाचे कण मऊ पत्र्यात रुततात आणि प्रत्येक कणाभोवती एकेक खड्डा सुरू होतो. चकत्या नव्या घ्या, ब्रश स्टेनलेसचा किंवा नायलॉनचा घ्या. शिवाय ॲल्युमिनियमची बारीक भुकटी आणि लोखंडाचा गंज एकत्र येऊन ठिणगी पडली, तर जे पेटतं त्याच मिश्रणानं रेल्वेचे रूळ जोडतात. तापमान 2000 अंशांच्या वर जातं आणि पाण्यानं ते विझत नाही. भुकटी रोज झाडून वेगळी ठेवायची, एवढी शिस्त पुरे.

गळती शोधायला मी होडी सुलटी करून तिच्यातच पाणी भरलं, घोट्याएवढं. जास्त भरायचं नाही, कारण एक लिटर म्हणजे एक किलो आणि पातळ तळ आतून एवढा भार पेलायला बनलेला नसतो. खाली वाकून बघितलं तर 31 रिवेट ठिबकत होते. वेल्डिंग करून टाकू असं मलाही वाटलं होतं. पण ऑक्साइडची साय वितळते 2072 अंशांना आणि खालचा धातू 660 लाच. साय फुटेपर्यंत आतलं ॲल्युमिनियम पाणी होऊन जातं, आणि लोखंडासारखं ते आधी लाल होऊन सूचनाही देत नाही. टिग या प्रकारच्या वेल्डिंगमध्ये उलटसुलट वाहणारी वीज साय फोडते, म्हणून ते जमतं, पण आणखी एक अडचण उरते. होडीचा पत्रा बहुधा मॅग्नेशियम मिसळलेल्या मिश्रधातूचा असतो आणि त्याची ताकद रोलखाली दाबून दाबून आलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेनं आजूबाजूची पट्टी मऊ पडते आणि नंतर चीर नेमकी तिथंच जाते.

म्हणून रिवेट. उद्यमनगरात बसगाड्यांच्या बॉडीचं काम केलेले एक वयस्कर मिस्त्री दोन रविवार आले. त्यांच्या पिशवीत एक गुळगुळीत पोलादी ठोकळा होता, डॉली. मी आतून डॉली रिवेटच्या शेपटावर दाबून धरायची आणि त्यांनी बाहेरून डोक्यावर हातोडा मारायचा. "दाब सोडू नगंस. डॉली उडाली की पत्रा वाकला म्हण." प्रत्येक फटक्याला रिवेटचा दांडा आखूड होतो आणि जाड होतो, भोकात फुगून बसतो, आणि ठोकून ठोकून कडकही होतो. वर्षानुवर्षांच्या थरथरीनं सैल झालेले बहुतेक रिवेट असे तीन-चार फटक्यांत पुन्हा आवळले. त्याहून जास्त मारलं तर कडक झालेला धातू तडकतो, म्हणून मिस्त्री मोजून मारायचे आणि आवाज ऐकायचे. सैल रिवेट बद्द वाजतो, बसलेला खणखणीत. मी तो फरक दुसऱ्या रविवारी ओळखायला शिकलो.

9 रिवेट बदलावेच लागले. नवीन रिवेट भरीव आणि ॲल्युमिनियमचेच घेतले. पत्र्याबाहेर दांडा त्याच्या जाडीच्या दीडपट उरला पाहिजे, म्हणजे ठोकल्यावर डोकं दीडपट रुंद आणि अर्ध्या जाडीइतकं उंच होतं. विमानाच्या पत्र्यालाही हाच हिशेब लावतात. बाजारात मिळणारे पॉप रिवेट पटकन बसतात, पण ते पोकळ असतात आणि आत अडकलेली खिळी पुष्कळदा लोखंडाची असते. पाण्याखाली ते नकोत. सांध्यात पॉलियुरेथेन सीलंट भरलं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका. तो वास ॲसिटिक आम्लाचा, म्हणजे पुन्हा चिंचेचीच गोष्ट, शिवाय त्यावर रंग धरत नाही.

रंगाचं थोडक्यात सांगतो. साबणानं धुऊन, घासून, कोरडं करून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारला. घासलेल्या पत्र्यावर साय वाढत राहते आणि जुन्या सायीवर रंगाची पकड कमी बसते. हे काम मार्चमध्ये उरकलं, वळवाच्या आत. इंजिनाला कार्बुरेटरची सफाई, नवे प्लग आणि पाणी फिरवणाऱ्या पंपाची नवी रबरी चकती एवढंच लागलं. पाण्याच्या पिंपात बुडवून ते चालवलं तेव्हा अख्खी गल्ली जमली होती.

शेवटचं काम सगळ्यात छोटं, आणि मला सगळ्यात आवडलेलं. 1824 साली हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं ब्रिटिश जहाजांच्या तळावरच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तुकडे झिजले आणि तांबं वाचलं. तांबं विरघळणं थांबल्यानं जहाजांना शिंपले मात्र पूर्वीपेक्षा जास्त चिकटू लागले. तरी युक्ती खरी होती: ज्याला वाचवायचं त्याच्याहून उतावळा धातू त्याच्या शेजारी बांधायचा. मालवणच्या खाऱ्या पाण्यात जस्त हे काम करतं. पंचगंगेच्या गोड्या पाण्यात जस्तावर पुटं चढतात आणि ते निजतं; इथं मॅग्नेशियम लागतं. तेही बेतानं, कारण तुकडा फार मोठा झाला तर पत्र्याच्या पृष्ठभागावर खार तयार होतो, आणि खारानं काय होतं ते आईच्या पातेल्यात आपण पाहिलं.

तळाला रंग न लावलेल्या जागी, धातूला धातू टेकेल असा एक तुकडा बोल्टनं आवळला. आवळण्याआधी तो आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला आणि 212 ग्रॅम हा आकडा तारखेसह बाकाच्या खालच्या अंगाला मार्करनं लिहिला. होडी आता मामांच्या दारात आहे, आंब्याला बांधलेली, आत दोन वल्ही आणि चार लाईफ जॅकेट. दिवाळीनंतर वर काढली की तुकडा सोडवून पुन्हा तोलायचा. जेवढे ग्रॅम कमी भरतील, तेवढी झीज होडीची झाली नाही.