गॅस पिवळा जळतोय? आधी चमचा धरून बघा

आमच्याकडे जळगावला थंडी सुरू झाली की भरताची वांगी येतात, आणि खरं भरीत म्हणजे काड्यांवर भाजलेलं, पण रोज कोण काड्या पेटवणार, मग वांग्याला तेलाचं बोट फिरवून सरळ गॅसवर ठेवायचं. साल फुटली की रस टपटप बर्नरवर. चार-पाच भरितं झाली आणि मोठा बर्नर पिवळा जळायला लागला, पातेल्याचं बूड काळंकुट्ट. आई म्हणे सिलिंडर संपत आलंय. तसा शेवटी शेवटी थोडा फरक पडतो, कारण सिलिंडरमध्ये दोन गॅस मिसळलेले असतात, त्यातला हलका प्रोपेन आधी निघून जातो आणि ब्युटेन जास्त उरतो, पण आमचं सिलिंडर लावून चारच दिवस झालेले!

पिवळा रंग असतो तापून चमकणाऱ्या काजळीचा. एलपीजी पूर्ण जळायला गॅसच्या साधारण २५ ते ३० पट हवा लागते, आणि त्यातली बरीचशी ज्योत पेटायच्या आधीच गॅसमध्ये मिसळलेली असली तर काजळी धरतच नाही, ज्योत निळी राहते. रसायनशास्त्रज्ञ बुन्सेनने १८५५ च्या सुमारास जर्मनीत हायडेलबर्गला प्रयोगशाळेसाठी जो बर्नर केला तोही याच तत्त्वावर चालतो. नॉबच्या मागे पितळी जेट असतो, त्याचं भोक मिलिमीटरहून बारीक, त्यातून गॅस इतक्या जोरात सुटतो की शेजारच्या फटीतून हवा स्वतःच ओढून घेतो. पंखा नाही, मोटर नाही. म्हणजे ती फट, नळी नाहीतर वरची भोकं तुंबली की हवा कमी पडली, आणि मग काजळीबरोबर कार्बन मोनॉक्साईडही होतो, ज्याला वास नसतो, म्हणून स्वयंपाक करताना खिडकी उघडी बरी.

पण थांबा, प्रत्येक पिवळी ज्योत घाण बर्नरची नसते. शेवभाजीचा रस्सा उतू गेला की ज्योत भडक नारिंगी होते ना, ती मिठातल्या सोडियमची करामत. दोन्हीतला फरक ओळखायला स्टीलचा कोरडा चमचा कापडाने धरून दोन सेकंद ज्योतीत घाला. काळा झाला तर काजळी, तसाच चकचकीत राहिला तर मीठ, तो रंग थोड्या वेळात आपोआप जाईल.

आमचा चमचा काळा झाला. मग रेग्युलेटर बंद केला, बर्नर गार होऊ दिला, गरम पाण्यात लिंबू पिळून अर्धा तास भिजवला, जुन्या टूथब्रशने घासला, भोकं पिनने मोकळी केली. जेटच्या भोकात मात्र पिन घालायची नाही हं, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गॅस जास्त येतो आणि पिवळेपणा कायमचा. बर्नर पूर्ण वाळवूनच बसवायचा, नाहीतर ज्योत फडफडते.

एवढं करूनही पिवळाच!

रात्री कॅनडातल्या भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या हॉलमध्ये गॅसची फायरप्लेस आहे, खोटी लाकडं आणि समोर काच, आणि तिथे ज्योत मुद्दाम पिवळी ठेवतात कारण शेकोटीसारखी दिसली पाहिजे, आम्ही इथे पिवळ्याने हैराण आणि ते त्याचेच पैसे मोजतात. पण काचेवर काजळी धरायला लागली की तिथेही काहीतरी बिघडलंय समजायचं, एखादं लाकूड जरी जागचं हललं आणि ज्योत त्यावर आपटली तरी काजळी येते. थंडीआधी मेकॅनिक येऊन बघून जातो. मामा, यंदा त्याने बर्नरच्या नळीतून कोळ्याचं जाळं काढलं, म्हणे उन्हाळाभर बंद असते ना.

दुसऱ्या दिवशी मी शेगडी उलटी केली आणि टॉर्च मारला. मोठ्या बर्नरच्या नळीत, अगदी हवेच्या फटीपाशी, जाळ्याचा बोळा होता, त्यात दोन मोहरीचे दाणे आणि झुरळाची तंगडी. ब्रशने ओढून काढलं, शेगडी लावली, जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते बघितलं आणि पेटवली. निळी. आईने लगेच वांगं ठेवलं.