हृदयाची कृत्रिम झडप जितकी मोठी तितकी चांगली? नाही!

‘डॉक्टर, मोठ्यातली मोठी झडप बसवा, पैशांचं आम्ही बघू.’ वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या मराठी घरांतूनही हे ऐकू येतं. माया खरी, समज चुकीचा. खराब झडप कापून काढल्यावर सर्जन उरलेल्या कड्यात मापक घालून बघतात. माप तिथे ठरतं. जबरदस्तीने मोठी बसवली तर कडं फाटू शकतं.

लहान झडपही वाईटच. झडप आणि पेशंटचं शरीर यांच्या मापातली ही विसंगती हृदयरोगतज्ज्ञ डॉ. शाहबुद्दीन रहिमतुला यांनी १९७८ मध्ये मांडली. महाधमनीच्या (हृदयातून शरीरभर रक्त नेणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) झडपेत शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे रक्ताची वाट ०.८५ चौरस सेंटिमीटरहून कमी पडली, तर हृदयावर ताण राहतो. मग पट्टी शिवून कडंच रुंद करता येतं.

दोन कंपन्यांच्या २१ नंबरच्या झडपांतली वाट सारखी नसते. म्हणून नंबर नको, ‘पेशंटच्या अंगमानाने वाट पुरेल का?’ हे विचारा.