सार्वजनिक विद्यापीठांतील शुल्कमर्यादा (गोवा)

सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाने विद्यार्थ्याकडून जास्तीत जास्त किती फी घ्यावी, हे कायद्याने किंवा त्याखालील नियमांनी बांधून देण्याच्या व्यवस्थेला शुल्कमर्यादा म्हणतात. काही देशांत कायदाच वरची रक्कम ठरवतो. गोव्यात तसे नाही. इथे दर कोणी ठरवायचा एवढेच कायदा सांगतो, रक्कम सांगत नाही.

४२ व्या घटनादुरुस्तीनंतर, १९७७ पासून, शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांच्या यादीत, आले. उच्च शिक्षणाचा दर्जा राखणे केंद्राकडे, विद्यापीठ स्थापणे राज्याकडे, आणि फीच्या प्रश्नात दोघांचाही हात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यात १९८४ साली १२-अ हे कलम घालून विशिष्ट अभ्यासक्रमांच्या शुल्काचे नियमन व देणग्यांना बंदी करण्याची सोय झाली. फीबाबतचे गाजलेले न्यायालयीन निकाल, म्हणजे उन्नीकृष्णन (१९९३), टी. एम. ए. पै (२००२) आणि इनामदार (२००५), प्रामुख्याने खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांविषयीचे आहेत. त्यामुळे शुल्क नियंत्रण म्हटले की लोकांना खाजगी मेडिकल आणि इंजिनिअरिंगच आठवते. सरकारी विद्यापीठाची फी वाढते किंवा रोखली जाते ती बैठकांच्या इतिवृत्तांत.

पोर्तुगीज राजवटीत गोव्यात विद्यापीठ नव्हते. १८४२ साली पणजीत सुरू झालेली वैद्यकशाळा मात्र होती. मुक्तीनंतर १९६२ मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले ही महाविद्यालये निघाली, तीही मुंबई विद्यापीठाला संलग्न. गोवा विद्यापीठ कायदा १९८४ चा. ताळगावच्या पठारावरील विद्यापीठाचे काम १९८५ पासून सुरू झाले. शिकवणी, परीक्षा आणि पदवीची शुल्के त्या कायद्याखालील अध्यादेशांतून ठरतात. हे अध्यादेश विद्यापीठाचे असतात, राज्यपाल काढतात ते नव्हेत. राज्यपाल इथे कुलपती म्हणून येतात, एवढाच संबंध.

प्रत्यक्षात फीला लगाम घालते ते अनुदान. अनुदानित महाविद्यालयांतील प्राध्यापकांचा पगार सरकार देते, म्हणून तिथल्या शिकवणी शुल्कावर सरकारचे लक्ष राहते. साखळी, केपे, खांडोळा येथील सरकारी महाविद्यालयांमुळे शिक्षण तालुक्यात पोचले. फीच्या हिशेबात न दिसणारा मोठा खर्च, पणजी-मडगावात खोली घेऊन राहण्याचा, त्यामुळे टळला. पण त्याच अनुदानित महाविद्यालयाच्या इमारतीत बीबीए, बीसीए यांसारखे स्वयंअर्थसाहाय्यित अभ्यासक्रमही चालतात. त्यांच्या शिक्षकांचा पगार फीतूनच निघतो आणि फी बी.ए., बी.कॉम.च्या कितीतरी पुढे जाते. एका फाटकातून आत जाणाऱ्या दोन विद्यार्थ्यांसाठी दोन वेगळे हिशेब असतात, आणि पालकांना हे बहुधा प्रवेशाच्या रांगेत कळते.

दुसरी पळवाट पावतीवर दिसते. शिकवणी शुल्क जागच्या जागी राहते आणि प्रवेश, जिमखाना, ग्रंथालय, प्रयोगशाळा, ओळखपत्र, परीक्षा, गुणपत्रिका ही शीर्षके वाढत जातात. यात केवळ लबाडी नाही. विद्यापीठांनी आवर्ती (दरवर्षी होणाऱ्या) खर्चाचा १५ टक्के भाग पाच वर्षांत आणि किमान २५ टक्के दहा वर्षांत स्वतः उभा करावा, अशी शिफारस विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या पुन्नय्या समितीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच केली होती. शिकवणी शुल्कावर हात ठेवायचा आणि उत्पन्नही मागायचे, तर पैसा दुसऱ्या दाराने येणारच. मर्यादा घालायची असेल तर ती पावतीच्या तळच्या बेरजेवर घालावी लागते.

पोर्तुगालचे उदाहरण गोव्याच्या वाचकाला ओळखीचे वाटेल. उच्च शिक्षण टप्प्याटप्प्याने मोफत करण्याचे आश्वासन त्या देशाच्या राज्यघटनेत आहे. तरी फी आहेच. तिची किमान आणि कमाल सीमा २००३ च्या कायद्याने बांधली. पदवीसाठीची वार्षिक कमाल मर्यादा २०१९-२० मध्ये ८७१ युरोंवर आणि पुढच्याच वर्षी ६९७ युरोंवर उतरवण्यात आली.

गोव्याने मर्यादेपेक्षा सवलतीचा मार्ग जास्त वापरला. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जयोजना आणि उच्च शिक्षण संचालनालयाची दुर्बल घटकांसाठीची अर्थसाहाय्य योजना ही त्याची रूपे. महाराष्ट्राने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत कौटुंबिक उत्पन्नाच्या अटीवर मुलींना फीमाफी दिली, तीही याच जातीची: महाविद्यालयाचा दर तोच, भरणारे सरकार. गोव्यातील विद्यार्थ्यांचा सर्वांत मोठा लढा तर फीसाठी नव्हताच. १९७८-७९ चे आंदोलन बसभाड्यात पन्नास टक्के सवलत मिळावी म्हणून झाले.