काउंटी फेअरमधील मुलांचे मेंढी-प्रदर्शन

काउंटी फेअरमधील मुलांचे मेंढी-प्रदर्शन : अमेरिकेच्या ग्रामीण भागात बहुधा उन्हाळ्यात भरणाऱ्या काउंटी फेअरमधील एक स्पर्धा. साधारण ८ ते १९ वर्षे वयाची मुले-मुली स्वतः वाढवलेली कोकरे व मेंढ्या घेऊन रिंगणात उतरतात आणि परीक्षक जनावराचा व मुलाचाही कस पाहतो. काउंटी हा राज्याखालचा प्रशासकीय विभाग. त्याचे स्थान आपल्या जिल्ह्यासारखे असले, तरी कित्येक काउंट्यांची लोकसंख्या आपल्या एखाद्या तालुक्याहूनही कमी असते. त्यामुळे या जत्रेत प्रेक्षक, स्पर्धक आणि लिलावात बोली लावणारे व्यापारी बहुधा एकमेकांना ओळखत असतात. हा व्यवहार समजून घेताना ही ओळख सतत ध्यानात ठेवावी लागते.

इतिहास : अमेरिकेतील कृषिजत्रेचा उगमच मेंढ्यांशी जोडलेला आहे. १८०७ साली एल्केना वॉटसन या उद्योजकाने मॅसॅच्युसेट्स राज्यातील पिट्सफील्ड गावच्या चौकात एल्मच्या झाडाखाली मेरिनो जातीची एक जोडी लोकांना पाहण्यासाठी ठेवली. मूळच्या स्पेनच्या या जातीची बारीक, मऊ लोकर तिथल्या शेतकऱ्यांना नवलाची होती. दोन मेंढ्या पाहायला माणसे लोटतात, तर गावोगावची उत्तम जनावरे एकत्र आणली तर किती येतील, असा विचार वॉटसनच्या मनात आला. त्यातून बर्कशायर काउंटीत जनावरांची प्रदर्शने सुरू झाली, १८११ मध्ये तिथे कृषिसंस्था उभी राहिली आणि तिच्या वार्षिक जत्रेचा नमुना हळूहळू देशभर पसरला.

मुले मात्र पुढची जवळजवळ शंभर वर्षे या जत्रेत बघ्याच्याच भूमिकेत राहिली. १९०२ साली ओहायओ राज्यातील क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम या शिक्षणाधिकाऱ्याने शाळकरी मुला-मुलींचे शेतीमंडळ सुरू केले. अशीच मंडळे इतर राज्यांतही निघाली आणि त्यांतून ‘फोर-एच’ ही चळवळ आकाराला आली. चार पाकळ्यांचे हिरवे क्लोव्हर हे तिचे चिन्ह. डोके, हृदय, हात आणि आरोग्य या चार गोष्टींचे ते प्रतीक आहे. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने कृषी विद्यापीठांमार्फत विस्तारसेवा, म्हणजे नवे शेतीज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याचे काम, सुरू झाली, तेव्हा फोर-एच तिच्या छत्राखाली आले. नवे बियाणे, नवा खुराक यांवर थोरांचा पटकन विश्वास बसत नसे. पण घरच्याच मुलाच्या वाफ्यात किंवा गोठ्यात फरक दिसला की बाप विचार करू लागे. मुलांना जनावर सांभाळायला देण्यामागे हा व्यवहारी हेतूही होता.

दुसरी संघटना एफएफए; १९८८ पर्यंत तिचे अधिकृत नाव ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका’ असे होते. १९२८ साली कॅन्सस सिटी येथे स्थापन झालेली ही संघटना शाळेतील कृषिशिक्षणाशी बांधलेली आहे आणि निळे कॉर्डरॉय जाकीट ही तिची ओळख आहे. तिचा इतिहास सर्वांना सामावून घेणारा नव्हता, हे नोंदवायलाच हवे. वर्णभेदाच्या काळात दक्षिणेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची वेगळी संघटना होती. ती १९६५ मध्ये एफएफएत विलीन झाली. मुलींना राष्ट्रीय पातळीवर पूर्ण सदस्यत्व मिळायला १९६९ साल उजाडले. आज मेंढ्यांच्या रिंगणात मुली आत्मविश्वासाने वावरताना दिसतात, त्यामागे हा उशीर आहे.

मेंढीच का : गोऱ्हा वाढवायला वर्षाच्या आसपास वेळ लागतो आणि शेवटी तो पाच-सहाशे किलोंचा होतो. कोकराचा प्रकल्प चार-पाच महिन्यांत पुरा होतो, जागा व पैसा कमी लागतो आणि नऊ वर्षांच्या मुलालाही ते जनावर सरावाने आवरता येते. शेत नसलेल्या, गावाच्या कडेला राहणाऱ्या कुटुंबांनाही हे जमते. गंमत अशी की, देशातील मेंढपाळी आटत असतानाही फेअरमधले हे रिंगण टिकून आहे. १९४२ च्या सुमारास अमेरिकेत साडेपाच कोटींच्या वर मेंढ्या होत्या. आज त्या जेमतेम ५० लाख आहेत. कृत्रिम धाग्यांनी लोकरीची जागा घेतली, ताटातून मटण मागे पडले आणि लोकर-उत्पादकांना मिळणारे १९५४ च्या कायद्याखालचे अनुदानही १९९० नंतरच्या दशकात बंद झाले. अनेक काउंट्यांत मेंढ्यांचा वाडा म्हणजे आता मुलांच्या प्रकल्पातली दोन-चार जनावरेच.

कोकराची निगा : मांसासाठीच्या गटात बहुधा खच्ची केलेले नर किंवा माद्या असतात. जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली कोकरे वसंतात २५ ते ३५ किलोंची असताना मुलांच्या ताब्यात येतात आणि जत्रेपर्यंत ५५ ते ७० किलोंवर जातात. काळ्या तोंडाची, काळ्याभोर बिनलोकरी पायांची सफोक, पायांवर लोकर असलेली हॅम्पशायर, या दोहोंचा संकर, पांढरी डॉर्सेट आणि ठेंगणी साउथडाउन या नेहमी दिसणाऱ्या जाती. वसंतात ठरलेल्या दिवशी कोकराचे वजन करून कानात बिल्ला मारतात. त्यानंतर जनावर बदलता येत नाही. स्क्रेपी या मेंदूच्या घातक रोगाच्या निर्मूलनासाठीचा सरकारी ओळखबिल्लाही कानात असावा लागतो.

रोजचे काम साधे वाटते; पण ते रोजचे आहे, यातच त्याचे शिक्षण आहे. १६ ते १८ टक्के प्रथिनांचा खुराक दोन वेळा मोजून द्यायचा, सोबत थोडा सुका चारा, स्वच्छ पाणी. मेंढीला तांबे सोसत नाही, म्हणून गाईचा किंवा डुकराचा खुराक तिला घालायचा नाही. दाण्यावर वाढणाऱ्या खच्ची कोकराला मुतखडा होतो; त्यासाठी खुराकात कॅल्शियम व फॉस्फरसचे प्रमाण साधारण दोनास एक राखतात आणि अमोनियम क्लोराइड मिसळतात. आंत्रविषाराची लस वेळेवर टोचावी लागते. तोंडावर फोड आणणारा मावा आणि गजकर्ण हे रोग कोकराकडून मुलाच्या हातावर येऊ शकतात, म्हणून हात धुण्याची शिस्तही याच वयात लागते. औषध दिले, तर ते शरीरातून उतरेपर्यंत किती दिवस कत्तल करता येत नाही, हेही मुलाला ठाऊक असावे लागते. या सगळ्याची आणि खर्चाची नोंद ज्या वहीत होते, ती वही फोर-एचमध्ये प्रकल्पाचाच भाग मानली जाते. ती फार मोलाची आहे असे वाटते, कारण स्वतःच्या कष्टाचा नफा-तोटा स्वतःच्या हाताने मांडायला मिळणे त्या वयात सहसा कुणाच्या वाट्याला येत नाही.

मेंढी कळपाची, एकटी पडली की बिथरते. म्हणून जाणकार एकाऐवजी दोन कोकरे पाळायला सांगतात. दावे घालून आधी थोडा वेळ बांधायचे, मग चालवायचे, मग दाव्याशिवाय नुसत्या हाताने. संध्याकाळी घरामागच्या रस्त्यावर कोकराला घेऊन फेऱ्या मारणारी मुले हे या गावांतले जून-जुलैचे नेहमीचे दृश्य असते.

रिंगणात : मांसाच्या गटातील कोकरांची लोकर प्रदर्शनाच्या एक-दोन दिवस आधी अंगाला भिडवून कातरतात, कारण परीक्षकाच्या हाताला स्नायू लागले पाहिजेत. धुऊन वाळवल्यावर कोकराला ताणणाऱ्या कापडाचा घट्ट अंगरखा चढवतात. लोकरीच्या जातींचे उलटे. त्यांची लोकर राखायची, कारण तिच्या तंतूची बारकाई, लांबी आणि दाटपणा यांवरच गुण असतात.

वजनानुसार गट पडतात. मुलगा डाव्या हाताने कोकराची हनुवटी वर उचलून धरतो, चारही पाय चौरंगाच्या पायांसारखे सरळ लावून घेतो आणि परीक्षक जवळ आला की आपला गुडघा कोकराच्या छातीशी टेकवतो. कोकरू त्या दाबाविरुद्ध पुढे रेटते आणि त्याची पाठ व मांड्या ताठ होतात. याला ब्रेसिंग म्हणतात. चारही पाय जमिनीवरच असले पाहिजेत. कोकराला उचलून धरले तर बहुतेक ठिकाणी ताकीद मिळते. परीक्षक मागून येतो, बोटे जुळवून शेवटच्या बरगडीपासून कमरेपर्यंत पाठीची रुंदी अजमावतो, मांडी चाचपतो आणि बरगडीवर तळहात ठेवून चरबीचा थर जोखतो. चार ते सहा मिलिमीटर थर असलेले कोकरू तयार समजतात. त्याहून कमी म्हणजे कच्चे, जास्त म्हणजे खुराक वाया गेला. शेवटी तो ध्वनिक्षेपकावर आपल्या क्रमवारीची कारणे सर्वांसमक्ष सांगतो. एवढ्या लहान स्पर्धकांना निकालाची कारणे मोकळेपणी ऐकवण्याची ही रीत आपल्याकडच्या स्पर्धांनीही उचलावी अशी आहे.

या प्रदर्शनाचा गाभा मात्र ‘शोमनशिप’ या गटात आहे. इथे कोकराच्या अंगावरच्या मांसाला गुण नाहीत. ते हाताळणाऱ्या मुलाला आहेत. वयानुसार कनिष्ठ, मध्यम, वरिष्ठ असे गट असतात. मुलाची नजर परीक्षकावर हवी, परीक्षक आणि कोकरू यांच्यामध्ये त्याने येता कामा नये आणि बाजू बदलायची तर कोकराच्या पुढून शांतपणे बदलायची. मध्येच प्रश्न येतात. गाभण काळ किती? सुमारे १४७ दिवस. मेंढीच्या अंगाचे नेहमीचे तापमान किती? १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास. तुझ्या खुराकात प्रथिने किती? कधीकधी परीक्षक दोन मुलांना कोकरांची अदलाबदल करायला लावतो. परक्या जनावराला कोण किती लवकर विश्वासात घेतो, ते तिथे उघड होते. एखाद्याचे कोकरू निसटले की शेजारचा स्पर्धक ते अडवून परत देतो आणि परीक्षक हेही पाहतो.

महागडे कोकरू विकत आणता येते, असे कसब आणता येत नाही. जत्रेसाठीच कोकरे पैदा करणारा एक वेगळा धंदा गेल्या काही दशकांत वाढला असून पैसेवाल्या घरांना त्याचा फायदा मिळतो. म्हणूनच अनेक जुने मार्गदर्शक शोमनशिपचा पट्टा विजेत्या कोकराच्या फितीहून मोठा मानतात, आणि ते बरोबर आहे. कित्येक काउंट्यांत गाय, डुक्कर, शेळी, मेंढी अशा प्रत्येक जनावराचा शोमनशिप-विजेता शेवटी एका फेरीत उतरतो व सगळीच जनावरे आळीपाळीने चालवून दाखवतो. लहान मुलांच्या गटांत बऱ्याच ठिकाणी डॅनिश पद्धत वापरतात. तीत एकमेकांशी तुलना न करता ठरावीक दर्जानुसार निळी, लाल किंवा पांढरी फीत देतात, त्यामुळे निळ्या फिती अनेकांना मिळू शकतात.

लिलाव : जत्रेच्या अखेरीस मांसाच्या गटातील जनावरांचा लिलाव होतो. बँक, खुराकाचा दुकानदार, पशुवैद्य, ट्रॅक्टरचा विक्रेता असे गावातलेच लोक बाजारभावाहून कितीतरी चढी बोली लावतात. पुष्कळदा खरेदीदार कोकरू घरी नेतच नाही. ते बाजारभावाने खाटीकखान्याकडे जाते आणि वरचा फरक तो आपल्या खिशातून मुलाला देतो. हे पैसे बहुधा कॉलेजसाठी किंवा पुढच्या वर्षीच्या कोकरासाठी राखले जातात. खरेदीदाराला मुलाने स्वतःच्या हाताने आभारपत्र लिहायचे, असा दंडक आहे. काही ठिकाणी ते दाखवल्याशिवाय पैसे मिळत नाहीत.

बहुतेक ठिकाणी मांसाच्या गटात उतरलेले जनावर कत्तलीलाच गेले पाहिजे, असा नियम असतो. ज्याला महिनोन्महिने हाताने चारले, नाव ठेवले, त्याला निरोप देताना मुले ओक्साबोक्शी रडतात. मांस कुठून येते ते मुलांनी डोळे उघडे ठेवून जाणावे, असे समर्थक म्हणतात; लहान वयात माया लावायला शिकवून ती तोडायला लावणे क्रूर आहे, असे विरोधक म्हणतात. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील शास्ता काउंटीत हा प्रश्न ऐरणीवर आला. दहा वर्षांच्या आतल्या एका मुलीने लिलावात गेलेला आपला बोकड परत मागितला आणि तिच्या आईने तो जत्रेतून नेला. शेरीफचे, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाचे, अधिकारी शेकडो किलोमीटर जाऊन तो घेऊन आले आणि तो कापला गेला. काउंटी व शेरीफ कार्यालयाविरुद्धचा दावा २०२४ मध्ये तीन लाख डॉलरला मिटला. नियम मोडला गेला होता हे खरे. पण मुलांसाठी उभ्या केलेल्या उपक्रमाने एका मुलीशी असे वागणे समर्थनीय ठरत नाही. विक्रीआधी माघार घेण्याची सोय ठेवणे कोणत्याही जत्रेला परवडण्यासारखे आहे.

गैरप्रकार : बक्षिसाच्या लोभाने मोठी माणसे मुलांच्या नावाखाली लबाडी करतात, ही या प्रथेची खरी जखम आहे. १९९० नंतरच्या दशकात क्लेनब्युटेरॉल हे स्नायू वाढवणारे बंदी असलेले औषध मोठ्या जत्रांतील विजेत्या जनावरांत सापडले. डुकरांसाठी परवानगी असलेले रॅक्टोपमीन हे असेच औषध मेंढ्यांना देता येत नाही, तरी ते तपासावे लागते. वजन वाढवण्यासाठी नळीने पाणी पाजणेही निषिद्ध आहे. आता विजेत्यांची मूत्रतपासणी होते आणि मुलांना प्राण्यांच्या निगेचे प्रशिक्षण अनेक राज्यांत सक्तीचे आहे. शेपटीचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. मागचा भाग भरदार दिसावा म्हणून कोकराची शेपटी मुळाशी छाटली जाते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा छाटणीमुळे गुदाशय बाहेर येण्याचे प्रमाण वाढल्याचे आढळले. पशुवैद्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस शेपटी लांब ठेवण्याची आहे. तरी रिंगणातली आवड बदलायला वेळ लागतो आहे. परीक्षकांनी आखूड शेपटीला मागे ठेवायला सुरुवात केली, तर ती वर्षा-दोन वर्षांत बदलेल.

पैदाशीचा गट : या गटातील मेंढ्या विकल्या जात नाहीत, म्हणून त्याकडे प्रेक्षक कमी वळतात. इथे दहा वर्षांचे मूल एक मादी कोकरू घेऊन येते, पुढच्या वर्षी तीच मेंढी तिच्या कोकरासह आणते, आणि वयोमर्यादा संपेपर्यंत त्याचा स्वतःचा छोटा कळप उभा राहतो. रात्री-अपरात्री वेताला हजर राहणे, अडलेल्या मेंढीला सोडवणे, पोरक्या कोकराला बाटलीने दूध पाजणे हे सगळे त्यात येते. यांतली काही मुले पुढे स्वतःची कोकरे त्याच काउंटीतल्या लहान मुलांना विकतात आणि आपल्या जुन्या मंडळात मार्गदर्शक म्हणून येतात.