सावत्र भाऊ रेसबुकात सापडत नाही

रेसबुक, म्हणजे शर्यतीच्या दिवशी धावणाऱ्या घोड्यांच्या माहितीचं पुस्तक, तुम्हाला पाठ आहे, असं धरून चालतो. पुण्याचा पावसाळी सीझन लागला की नांदेड-परभणीहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जाणाऱ्यांना वजन, जॉकी, अंतर, मागचे नंबर शिकवायला नकोत. घोळ होतो तो स्टड बुकाचा, म्हणजे घोड्यांच्या वंशावळीच्या पुस्तकाचा.

जाडी, किंमत, किती दिवसांनी निघतं, हे दोन्हींतले फरक सोडा. इंग्लंडात शर्यतींची नोंद आणि वंशाची नोंद, दोन्ही वेदरबी घराण्यानंच काढल्या: पहिली १७७३ साली, दुसरी १७९१ साली.

माळेगावच्या जत्रेत, चहाच्या टपरीवर, एक जण पुण्यात पळणाऱ्या घोड्याबद्दल छातीठोक सांगत होता, "डर्बीवाल्याचा सावत्र भाऊ हाय मामा, बाप एकच!" डर्बी म्हणजे मानाची मोठी शर्यत. रेसबुकात घोड्याच्या नावापाशी आधी बाप, मग आई. यानं बापापाशीच वाचणं थांबवलेलं.

मराठीच्या हिशेबानं त्याचं चूक नाही. आपल्याकडे सावत्र म्हणजे बहुधा बाप एक, आया दोन. रेसवाल्यांचं नेमकं उलटं. हाफ ब्रदर म्हणजे आई एक, बाप वेगळा. नुसता बाप एक असेल तर ते नातं धरतच नाहीत. घोडी अकरा महिने गाभण राहते, वर्षाला एक शिंगरू देते. नावाजलेला घोडा मात्र एका हंगामात शंभरावर माद्यांना लावतात, तेही प्रत्यक्ष. आपल्या देवणी, लाल कंधारी गाईंना चालतं ते कृत्रिम रेतन थरोब्रेडला, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्याला, चालत नाही. बापाकडून भाऊ मोजायला बसलं तर शर्यतीआधी घोडे फिरवतात तो अख्खा पॅडॉक भावकीनं भरेल.

म्हणून स्टड बुक घोडीच्या नावानं लावलेलं असतं. घोडी, तिचे आईबाप, खाली वर्षवार शिंगरं, प्रत्येकाचा बाप. एखाद्या साली भाकड राहिली, गाभ टाकला, तेही तिथेच. घोडी विकत घेणाऱ्यानं आधी हेच बघावं; रेसबुकात यातलं अक्षरही नसतं. अर्बन सी या घोडीच्या पोटी सॅडलर्स वेल्सपासून गॅलिलिओ झाला, केप क्रॉसपासून सी द स्टार्स. हे खरे हाफ ब्रदर. एकानं २००१ची एप्सम डर्बी मारली, दुसऱ्यानं २००९ची. पण ते कळायला पुन्हा शर्यतींची नोंदच उघडावी लागते.

आणि "स्टड बुकात नाव आहे" असं मिशीला पीळ देऊन सांगणारे तर डोक्यातच जातात. अहो, जन्मात एक रेस न जिंकलेलाही त्यात असतो. नाव आहे म्हणजे थरोब्रेड आहे, इतकंच. माळेगावच्या जत्रेतले मारवाडी, काठेवाडी घोडे त्यात नसतात. म्हणून ते हलके ठरत नाहीत.

टपरीवरच्या त्या गड्याला हे सगळं सांगितलं. त्यानं बशीतला चहा संपवला नि विचारलं, "मंग ह्याला म्हनायचं काय?"

"त्याच बापाचा म्हण. भाऊ म्हणू नको."