टाकीत माणूस उतरवण्याआधी

मळीची टाकी, ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करण्याचा) खड्डा, बायोगॅस, विहीर: आत माणूस उतरवण्यासाठी आमच्याकडून साहित्य भाड्यानं नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

"झाकण उघडून तास झाला, वासही येत नाही, उतर आता." असं कुणी म्हणालं की काम तिथंच थांबवा. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) पुढं नाक बधिर होतं. मग वास थांबतो आणि गॅस तसाच राहतो, कधी वाढलेलाही असतो. ७०० ते १००० पीपीएमला माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेनला तर वासच नाही.

गाळप संपून पट्टा पडला की साखर कारखान्यांत टाक्यांची सफाई निघते. तळाला राहिलेली मळी आंबते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. तो हवेच्या दीडपट जड असल्यानं तळाशीच बसून राहतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात बरेच दिवस बंद राहिलेली लोखंडी टाकी रिकामी असली तरी धोक्याची, कारण गंज आतला ऑक्सिजन खातो. खानापूर भागात विहिरीत कंदील सोडून बघायची जुनी पद्धत आहे. ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते, पण विषारी गॅसबद्दल ती काहीच सांगत नाही. शिवाय खाली मिथेन असेल तर त्याच ज्योतीनं भडका उडतो.

सेप्टिक टँक आणि गटाराचं वेगळं सांगतो. संरक्षणाची साधनं न देता तिथं माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. मैला उपसायला माणूस उतरवणार असाल तर आम्ही साहित्य भाड्यानं देत नाही. सक्शन गाडी बोलवा.

मीटर कसा वापरायचा

चार गॅसचा मीटर आधी मोकळ्या हवेत चालू करा. ऑक्सिजन २०.९ दिसला पाहिजे. मग नळी टाकीच्या तोंडातून खाली सोडा आणि दर चार फुटांवर दोन मिनिटं थांबा. नळी लांब असते, खालची हवा सेन्सरपर्यंत यायला वेळ लागतो. घाईत घेतलेला आकडा वरच्या हवेचाच असतो. मिथेन हलका म्हणून वर, हायड्रोजन सल्फाइड जड म्हणून खाली, कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेइतकाच म्हणून कुठंही, त्यामुळं तोंडाशी, मध्ये आणि तळाशी तिन्हीकडं मोजायचं. आधी ऑक्सिजन वाचा, कारण तो फार कमी असेल तर ज्वलनशील वायूचा सेन्सर खोटा कमी आकडा दाखवतो.

उतरायची परवानगी केव्हा? ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, ज्वलनशील वायू एलईएलच्या (ज्या किमान प्रमाणाला तो पेटू शकतो त्याच्या) १० टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमखाली, कार्बन मोनॉक्साइड २५ पीपीएमखाली. चारांपैकी एक जरी बाहेर असला तरी नाही. आकडे आणि वेळ कागदावर लिहून जबाबदार माणसानं सही करायची.

मीटर उतरणाऱ्याच्या छातीवर चालूच राहू द्या. शांत गाळात गॅस अडकलेला असतो. पहिलं फावडं मारलं की तो सुटतो, आणि दहा मिनिटांपूर्वीचा चांगला आकडा उपयोगाचा राहत नाही.

हवा

ब्लोअरची (हवा आत ढकलणाऱ्या पंख्याची) नळी तळापासून फूटभर वर पोचली पाहिजे. तोंडाशीच सोडली तर हवा वरच्या वर फिरून बाहेर येते. टाकी ३ मीटर लांब, २ रुंद, २.५ खोल असेल तर १५ घनमीटर झाले. आतली हवा सात वेळा बदलायला १०५ घनमीटर लागतात. पाटीवर ताशी १५०० घनमीटर लिहिलेला ब्लोअर लांब नळी आणि दोन वळणांनंतर निम्माच धरा. हिशोबानं साडेआठ मिनिटं होतात, आम्ही १५ सांगतो. काम संपेपर्यंत ब्लोअर बंद करायचा नाही. जनरेटर वाऱ्याच्या खालच्या अंगाला लांब ठेवा, नाहीतर त्याचाच धूर आत ढकलला जातो. हवेच्या जागी आत सिलिंडरमधला ऑक्सिजन कधीही सोडू नका. ऑक्सिजन वाढला की एका ठिणगीनं अंगावरचे कपडे पेटतात.

तोंडाशी उभा असलेला माणूस

त्याला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही, चहा आणायलासुद्धा पाठवायचं नाही. ट्रायपॉडची (तोंडावर उभ्या केलेल्या तिपाईची) विंच, म्हणजे दोर गुंडाळायचं चाक, त्याच्या हातात आणि दोर आतल्याच्या पूर्ण हार्नेसला (खांदे-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांना). नुसता कमरेचा पट्टा चालत नाही, ओढताना माणूस दुमडतो आणि तोंडात अडकतो. आपल्याकडं एक मराठी बोलतो, दुसरा कन्नड. 'ओढा' की 'एळी' (कन्नडमध्ये ओढा) हा घोळ नको म्हणून दोराच्या खुणा आधीच ठरवा: एक झटका ठीक, तीन झटके वर घ्या.

आतला बोलेनासा झाला तर विंच फिरवा आणि ११२ ला फोन करा. मागोमाग उतरू नका, तोंडाला ओला रुमाल बांधूनही नाही. फिल्टरचा मास्क ऑक्सिजन तयार करत नाही. सख्खा भाऊ आत पडलेला असताना वर थांबणं किती कठीण आहे हे आम्ही जाणतो. पण एकाच खड्ड्यात एकामागून एक माणसं जातात ती अशीच.

आत दिवा २४ व्होल्टचा आणि फ्लेमप्रूफच (आतल्या ठिणगीनं बाहेरचा गॅस न पेटू देणारा) हवा.

साहित्य मागवताना चार गोष्टी कळवा: खोली, तोंडाची रुंदी, आत शेवटचं काय होतं, आणि आत वेल्डिंग करायचं आहे का. तोंड १८ इंचांपेक्षा लहान असेल तर आधी फोटो पाठवा. हार्नेस घातलेला माणूस त्यातून वर येईल का हे बघूनच ट्रायपॉड पाठवतो.