शहर म्हणावं की खेडं? फाइफच्या किनाऱ्यावरच्या जुन्या बर्गांची पार्श्वभूमी

स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यात, फोर्थ खाडीच्या मुखाशी क्रेल, अ‍ॅन्स्ट्रुदर, पिटनवीम ही ठिकाणं एकापाठोपाठ एक लागतात. लाल कौलं, बंदराकडे उतरणाऱ्या गल्ल्या, रचलेले खेकड्यांचे पिंजरे हे फोटोंतून सगळ्यांनी पाहिलेलं आहे. घोळ आहे तो यांना म्हणायचं काय याचा.

कागदोपत्री ही तिन्ही ‘रॉयल बर्ग’. बर्ग म्हणजे शहर असं भाषांतर करतात, पण ते पुरत नाही. आपला ‘कसबा’ त्याच्या जास्त जवळ जातो. लोकसंख्या कितीही असो, बाजार भरवण्याचा आणि आपला कारभार आपण पाहण्याचा हक्क सनदेनं मिळाला की तो बर्ग. रॉयल बर्गाला त्यावर परदेशी व्यापाराची मक्तेदारी. क्रेलच्या 1310 च्या सनदेत तर रविवारी बाजार भरवायचीही मुभा होती, आणि धर्मसुधारणेनंतर पाद्र्यांना ती फार खुपली. मासे, मीठ, लोकर उत्तर समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावर जात आणि परतीच्या जहाजांतून नेदरलँड्सची कौलं येत. 1672 मध्ये मक्तेदारी बरीचशी मोडली, कारभाराचा हक्क मात्र राहिला. इंग्लंडबरोबरच्या 1707 च्या विलीनीकरण करारातल्या 21 व्या कलमानं तर रॉयल बर्गांचे हक्क अबाधित राहतील असं लिहूनच दिलं.

एकोणिसाव्या शतकात हेरिंग माशानं या किनाऱ्यावर पैसा आणला. खारवलेल्या हेरिंगची पिंपं जर्मनी-रशियाला जात. पहिल्या महायुद्धानं ती बाजारपेठ गिळली. 1965 मध्ये इथली प्रवासी रेल्वेही बंद झाली.

पण या गावांच्या स्वभावावर खरा घाव 1975 चा. त्या वर्षी 16 मे रोजी स्कॉटलंडमधले जवळपास 200 बर्ग एका फटक्यात रद्द झाले आणि त्यांच्या जागी मुख्य भूमीवर 9 विभाग व 53 जिल्हे आले. बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं, दीड-दोन हजार वस्तीच्या गावानं सांडपाणी, घरं, रस्ते एकट्यानं सांभाळणं परवडत नाही. ते खोटं नव्हतं. विरोधकांनी कराराचं कलम पुढे केलं; तेही खोटं नव्हतं, फक्त त्याला कोणी विचारलं नाही. फाइफची दोन शेजाऱ्यांत वाटणी करण्याचा मूळ बेत लोकांनी हाणून पाडला, त्यामुळे परगणा वाचला, बर्ग गेले. बदल्यात गावांना स्थानिक समित्या मिळाल्या. त्या मत देऊ शकतात, कर लावू शकत नाहीत. बंदराची भिंत ढासळली तर पूर्वी ज्याला रस्त्यात गाठता येई, त्याला आता पत्र लिहायचं!

1996 मध्ये जिल्हेही गेले. आता कारभार ग्लेनरॉथिसहून चालतो. हे 1948 साली एका कोळसा खाणीच्या भरवशावर आखलेलं नवं शहर. ती खाण पाण्यापायी 1962 मध्येच बंद पडली, कचेऱ्या टिकल्या. शेकडो वर्षांच्या कसब्यांवर पाऊणशे वर्षांच्या नगराचा हुकूम, याची चेष्टा झाली नसती तरच नवल.

वर सरकारी वर्गवारी वेगळीच. 3,000 ते 9,999 वस्तीचं ते ‘छोटं शहर’, त्याखालचं सगळं ग्रामीण. म्हणजे क्रेल आणि पिटनवीम, दोन्ही रॉयल बर्ग, आकडेवारीत खेडी. तरीही तिथल्या स्थानिक समित्यांनी नावात ‘रॉयल बर्ग’ ठेवलंच आहे.

पिटनवीमला अजून कोळंबी, खेकडे, शेवंड उतरतात, पण बंदराजवळची बरीच घरं आता सुट्टीपुरती उघडतात. एप्रिल 2024 पासून अशा दुसऱ्या घरांवर दुप्पट कर लावायची मुभा कायद्यानं मिळाली आहे. ती वापरायची की नाही, हे ठरतं ग्लेनरॉथिसमध्ये.